समुद्रपूरची बोट

आमच्या गावाच्या नावात समुद्र आहे,
बाकी कुठेच नाही.
हे नाव कोणी ठेवलं ते थूल सरांनाही सांगता येत नाही,
आणि त्यांनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला.

तेच पहिले म्हणाले, सागरवेधचे घ्या.
जहाजांवर नजर ठेवणारी कंपनी.
दर काही सेकंदांनी जहाज आपलं नाव सांगतं,
वेग सांगतं, तोंड कुणीकडे ते सांगतं;
कंपनी ते ऐकते, आणि ऐकलेलं विकते.
"ऐकलेलं विकते?" उरकुडे कंपाउंडर हसला,
"मंग आमची बुढी लखपती पाहिजे होती."
तरी त्याने पंचवीस घेतले.
इस्माईलभाईने अकरा, पंक्चरच्या गल्ल्यातून.
मेसवाल्या वच्छलाबाईंनी पन्नास, भिशी लागली तेव्हा.
मी जिनिंगच्या काट्यावर बसतो,
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतो.
मी चाळीस घेतले, एकशे बाराने,
आणि घरी सांगितलं नाही.

सव्वानऊला इस्माईलभाईच्या जुन्या टायरांवर बसून
आम्ही भाव बघायचो.
भाव बघता बघता कधी नकाशा बघू लागलो, कळलं नाही.
निळ्यावर हिरवे त्रिकोण,
पऱ्हाटीच्या पानामागे मावा बसावा तसे.
सरांनी त्यातला एक निवडला:
'मरियम', मोझांबिकहून न्हावाशेवाकडे.
आत काय ते नकाशा सांगत नाही.
"तूर," उरकुडे म्हणाला,
"आपल्या तुरीचा भाव पाडाले येऊन रायली सायची."
इस्माईलभाई पान्हा खाली ठेवून म्हणाला, शिवी नको.
माझ्या आईचं नाव आहे.
त्या दिवसापासून ती आपली बोट.

फेब्रुवारीत तिमाहीचा निकाल आला.
एकशे बाराचे नव्वद, नव्वदचे बहात्तर.
विकणारे रांगेत, घेणारा कोणी नाही.
तशी रांग मी रोज काट्यासमोर बघतो,
पण तिथे ड्रायव्हर निदान गाडीखाली झोपतो.
सर म्हणाले, लाँग टर्म.
उरकुडे म्हणाला, गिरडच्या टेकडीवर व्यापाऱ्याचा माल दगड झाला म्हणतात,
आपला मोबाईलमधीच झाला.

त्याच दुपारी बोट दिसेनाशी झाली.
त्रिकोण करडा. शेवटचा निरोप चौदा तासांपूर्वी,
वेग अकरा पूर्णांक दोन.
पुढे नुसतं निळं.
सर म्हणाले, खोल समुद्रात असं होतं.
उपग्रहावरून दिसते, पण त्याचे पैसे पडतात.
म्हणजे कंपनी आपली, बोट आपली,
आणि बघायचे पैसे वेगळे?
सर चष्मा पुसत राहिले.
इस्माईलभाई ट्यूब घमेल्यात दाबून
बुडबुडा कुठून येतो ते बघत होता.
समुद्रपुरात निरखून बघावं असं तेवढंच पाणी.

पाचव्या दिवशी गिऱ्हाईक फिरलं.
वच्छलाबाईंनी सगळे विकले, अठ्ठावन्नने,
आणि मेससाठी वीस लिटरचा कुकर आणला.
दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन टायरांपाशी थांबल्या.
"बोट दिसली का जी?"
उरकुडे म्हणाला, बाई, तुमचा तर एकबी शेअर नाही आता.
"शेअर नसन," त्या म्हणाल्या,
"बोट तं हाये ना."

नवव्या रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी
मी एका ट्रकचं रिकामं वजन लिहीत होतो.
पावती फाडली, सवयीने मोबाईल उघडला.
मुंबईच्या बाहेर, हिरवी.
वेग शून्य. नांगर टाकलेला.
या वेळी कोणाला उठवणार?
सरांना रक्तदाब. इस्माईलभाई रडला असता.
वच्छलाबाई पोळ्यांसाठी साडेतीनला उठतात,
तेवढा वेळ थांबलो.

"आली?" त्या म्हणाल्या. मागे स्टोव्ह वाजत होता.
"मंग थांबली काहून? पुढं किती गाड्या हायेत?"

मी स्क्रीनवर बोट ठेवून
एकेक त्रिकोण मोजला.
सतरा.